तारेखालची शमी

सकाळी देवघरातला दिवा लावायला म्हणून बटणाला ओला हात लावला आणि विजेनं मला झिडकारलं. दुसरा शब्द नाही त्याला. तळव्यातून शिरली ती कोपरातून खांद्यापर्यंत सरसरत गेली आणि हात आपला आपण मागे आला, एखाद्या वडीलधाऱ्यानं फटका मारावा तसा. मला फटका मारणारं ह्या घरात आता कुणी उरलेलं नाही. सासूबाई गेल्या, माझे यजमान रिसालदार गेले, वयानं मोठं म्हणावं असं एक मी आणि एक ते शिसवी कपाट. तेव्हा आधी रागच आला. मग हसू आलं. मग दंडात मुंग्या येत राहिल्या आणि मी तिथंच पाटावर बसले, कुणाला हाक न मारता. हाक मारली असती तर वनमाला, माझी सून, धावत आली असती आणि म्हणाली असती, "मी तर कितीदा सांगितलं तुम्हाला, आईसाहेब, हात पुसून घेत जा." वनमाला बी.ए. आहे आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. सुनेच्या ठिकाणी ह्या दोन गोष्टी एकदम आल्या म्हणजे सासूनं गप्प बसलेलं चांगलं. वर दिवा लागला होता, नेहमीचाच, सुकलेल्या लिंबासारखा पिवळा. ग्वाल्हेरीच्या लष्कर भागातल्या सगळ्या घरांत तो असाच लागतो. महाराजांच्या दरबारच्या वेळचं वीजघर, म्हातारं झालंय, धापा टाकतं. संध्याकाळी तर पोथीतली ओळ दिसावी म्हणून दिव्याखाली समई लावावी लागते. ह्या मरतुकड्या विजेच्या अंगात एवढा जोर? मग माझा मुलगा जयसिंग म्हणतो ती, चंबळेवरच्या धरणातून निघून एवढा मुलूख ओलांडून येणारी, ती कसली असेल? आणि ती माझ्यापाशीच येऊन अडली आहे, हे तिला ठाऊक असावं. म्हणून मारलं असेल.

समोर पाटावर कालची पूजा तशीच होती. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं घासून पुसून मांडतात. पूर्वी ओसरी भरायची. भाले, ढाली, रिसालदारांच्या दोन तलवारी, एक सासऱ्यांची, जिच्या मुठीला हात लावायची आम्हा बायकांना परवानगी नव्हती, राखेनं घासायची मात्र होती. दरबार विलीन झाला, पलटणी मोडल्या, तशी शस्त्रंही कुठं कुठं गेली. आता एक तलवार. आणि तिच्या शेजारी काल जयसिंगानं आपली शस्त्रं आणून मांडली: पक्कड, दोन मोठे पाने, जाड दोराचं वेटोळं, आणि तीन पायांवर उभी करून लांबचं बघतात ती खात्याची दुर्बीण. तिला झेंडूची माळ घालताना मला वाटलं, हिच्यावर हळद उडाली तर सरकार रागावेल काय. मी जपून उडवली. हा माझा मुलगा, जयसिंहराव, विजेच्या मंडळात इंजिनीअर आहे. त्याच्या आज्याच्या तलवारीला गंज चढतो, पण ह्याच्या पान्याला नाही, हे मी काल नीट पाहून ठेवलं.

काल रात्री जेवताना त्यानं विषय काढला. म्हणजे काढला नाही. भाकरी मोडली, ठेवली, पुन्हा मोडली. मी म्हटलं, "भाकरीनं काय घोडं मारलंय तुझं? बोल."

"आईसाहेब, उद्या सांगाल ना काय ते? जबलपूरच्या कचेरीतून रोज विचारणा होते. सगळीकडं तार चढली. फक्त सिरसपुऱ्याचा तुकडा राहिलाय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर वळण घ्यायचं. टेकडीच्या अंगानं जाता येत नाही, भुसभुशीत आहे. खालून जावं लागेल. मनोरा उभा राहील अशी घट्ट जागा तिथं एकच आहे."

"कुठली?"

"गावाची गोड्या पाण्याची विहीर." एवढं बोलून तो हळूच म्हणाला, "उद्या सकाळी त्यांचीही पंचायत बसणार आहे. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचं ते ठरवतील, तुमचं तुम्ही ठरवा."

"अरे पण झाड तोडायचा हुकूम असतो ना तुमच्याकडं? कायदा असतो."

"आहे. खिशात आहे. मी तो काढणार नाही."

हे त्यानं अशा आवाजात म्हटलं की मला रिसालदारांची आठवण झाली, आणि रागही आला, कारण हुकूम काढला असता तर मला कडाकडा भांडता आलं असतं. आता भांडायचं कुणाशी? सिरसपुऱ्याला आमची जमिनीची एवढी एक पट्टी उरली आहे. जहागिरी गेली तेव्हा बाकीचं गेलं. पट्टीच्या टोकाला शमीचं झाड आहे. गावातली माणसं त्याला छोंकर म्हणतात. त्याच्या अल्याड एक लोखंडी मनोरा, पल्याड एक मनोरा, मागच्या उन्हाळ्यापासून दोघंही हात पसरून एकमेकांकडं बघत उभे आहेत, आणि मध्ये माझी शमी. तारेखाली उंच झाड चालत नाही म्हणे. वारा सुटला आणि फांदी टेकली तर सगळ्या ग्वाल्हेरीचे दिवे जातील. मी मनात म्हटलं, जाऊ देत. एरवी तरी कुठं लागतात?

दुपारी टांगा बोलावला. वनमाला म्हणाली, "तुम्ही खाऊन तर घ्या, मग निघू." मी म्हटलं, "दसऱ्याला शमी पुजल्याशिवाय ह्या घरात घास उतरत नाही. तुझ्या माहेरी उतरत असेल." ती हसली आणि तिनं तलवार रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली. तिला मी टोचलेलं लागत नाही, हा तिचा एक मोठा दोष आहे. पाटणकर बाजारात झेंडूचे ढीग, नई सडकेवर टांग्याला टांगा, रेवड्यांचे ठेले, आणि मला त्या गर्दीतून जाताना नेहमी होतं तसंच झालं, डोळ्यांपुढं दुसरीच गर्दी आली. दरबारचा दसरा. मी नवी नवरी, वाईहून आलेली, मराठी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेली आणि हिंदीचं एक अक्षर न समजणारी. सासूबाईंच्या मागं गच्चीवर बांबूच्या चिकाच्या पडद्याआड उभी. खालून हत्ती चाललेले, त्यांच्या कपाळांवर रंग, पगड्याच पगड्या, आणि एवढ्या घोड्यांत रिसालदार कुठले ते मला ओळखू येईना, म्हणून मी भलत्याच कुणाला तरी बघून लाजले, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मिरवणूक शमीपाशी जायची. महाराजांनी तलवारीचं टोक झाडाला लावलं की तोफ व्हायची, आणि तोफेचा आवाज विरायच्या आत सगळी माणसं झाडावर तुटून पडायची. सरदार नाही, शिपाई नाही, मोतद्दार नाही, सगळे सारखे. त्याला लूट म्हणत. शमीचं पान म्हणजे त्या दिवशी सोनं. ज्याच्या हाती जितकं लागेल तितकं त्याचं. झाड क्षणात ओकंबोकं. आणि त्या संध्याकाळी रिसालदार घरी आले, फेट्यात पानं खोचलेली, हात काट्यांनी ओरबाडलेले. आधी त्यांनी सासूबाईंच्या हातावर सोनं ठेवलं, पाया पडले, आणि मग सगळ्या माणसांसमोर, दिवाणखान्यात, माझ्या हातावर ठेवलं. चारचौघांत माझ्या हाताला त्यांचा हात लागला तो तेवढाच. वर्षातून एकदा. दरबार विलीन झाल्यावर ते दरबारच्या दसऱ्याला जाईनात, सिरसपुऱ्याच्या आपल्या शमीपाशी जायला लागले. "आपली सीमा आता एवढीच," म्हणायचे, आणि झाडापलीकडं एक पाऊल टाकून परत यायचे. कडवट हसत नसत. खरंच हसत. मी टांग्यातून उतरत नसे. तिथूनच हात पुढं करायचा, आणि ते चालत येऊन माझ्या हातावर पान ठेवायचे. आता सांगा, ते झाड मी तारेसाठी द्यायचं?

टांगा गावाबाहेर आला तशी डाव्या हाताला मनोऱ्यांची रांग दिसायला लागली. मला आवडत नाही म्हणायला जीभ वळत नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हाच छातीत काहीतरी उंच झालं होतं. ऊन त्यांच्या अंगातून आरपार जातं. लोखंड असून जड वाटत नाहीत. एकामागं एक, खांद्याला खांदा न लावता पण सुराला सूर लावून, पार क्षितिजापर्यंत गेलेले, कूच करायला निघालेल्या रिसाल्यासारखे. मी जयसिंगाला म्हटलं होतं, "तुझ्या वडलांना हे दाखवायला हवं होतं. तोंडानं नावं ठेवली असती आणि रोज घोड्यावरून बघून आले असते." रांग चुकूनही वाकडी नाही. ह्या गावातून त्या गावात जाताना तिनं कुणाचं राज्य कुठं संपतं ते विचारलं नाही. मला बाई ते फार समजलं, कारण मी एका आयुष्यात घराचा उंबरा न बदलता तीन राज्यांत राहिले. आधी दरबारचं. मग मध्यभारत, तेव्हा निदान निम्मं वर्ष राजधानी इथं असायची, कचेऱ्या गजबजलेल्या असायच्या, आमच्या आळीत रोज नव्या टोप्या दिसायच्या. मग तेही मोडलं, मध्यप्रदेश झाला, राजधानी गेली भोपाळला. शेजारचे दिनकरराव हिशेबखात्यात होते, त्यांच्या घरातले पाट-पाळणे ट्रकवर चढले तेव्हा त्यांची बायको माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तिथं मराठी भाजीवाली तरी असेल का हो?" मी म्हटलं, "इथं कुठं आहे?" ती रडता रडता हसली. घरं रिकामी झाली, पाट्या उतरल्या, मोठमोठ्या इमारतींत कबुतरं आली. सगळं इथून उठून कुठं ना कुठं चाललं होतं. त्या सगळ्या वर्षांत ग्वाल्हेरीकडं येणारी अशी एकच गोष्ट मी पाहिली, ही मनोऱ्यांची रांग.

आणि तिचा पहिला दगड मीच पुजला. त्या वर्षीचा दसरा. नवं राज्य दिवाळीच्या सुमाराला होणार, बाजारात दुसरी बात नाही, सीमा कुठं पडणार, कोण कुठं जाणार. रिसालदार आदल्या थंडीत गेलेले. जयसिंग दुर्बीण घेऊन रानोमाळ. सीमोल्लंघन करायला घरात पुरुष नाही. मी तलवार उचलली, नव्या सुनेला टांग्यात घातलं आणि सिरसपुऱ्याला आले. बघते तो शमीच्या बुंध्याशी दगड. ताजा पुरलेला, चुन्यानं रंगवलेला, माथ्यावर लाल खूण. माझ्या जमिनीत, मला न विचारता. मी ओळखलं. मनात म्हटलं, हा नव्या राज्याच्या सीमेचा दगड. जुनं इथं संपतं, नवं इथून लागतं. आणि बसवला तोही माझ्या शमीखाली, म्हणजे बसवणाऱ्याला रीत ठाऊक आहे. मग काय! हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, तलवार म्यानातून काढली, आणि लुगडं सावरून त्या दगडावरून पलीकडं पाऊल टाकलं. आमच्या घराण्यात बाईनं सीमा ओलांडली ती पहिल्यांदा. पलीकडं जाऊन जरा उभी राहिले. भोपाळच्या राज्यातली हवा कशी आहे ते पाहिलं. तीच होती. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी मागून येऊन डोकी टेकली.

जयसिंग घरी आला आणि ऐकून असा हसला की त्याला ठसका लागला. "आईसाहेब, तो आमचा दगड आहे! तार कुठून जाणार त्याची खूण."

"मग तारेला आधीच नारळ मिळाला. बिघडलं काय?"

"बिघडलं काहीच नाही. पण तुम्ही चंबळेच्या विजेची शीव ओलांडून आलात."

बिघडलं खरंच काही नाही. त्याच्या बाकीच्या खुणांचे दगड कुणी उपटून नेले, कुणी चुलीला लावले, एकावर म्हणे मिरच्या वाटत होते. माझा दगड हलला नाही. गावानं त्याला नाव ठेवलं, सींव माता, म्हणजे शिवेवरची आई. नवी म्हैस घेतली की नारळ, लेक सासरी निघाली की नारळ. खात्याची माणसं अजूनही मोजायला तिथूनच सुरुवात करतात, आणि मोजायच्या आधी चपला काढतात. मी बसवलेला देव आहे तो. चुकीनं बसला असेल, पण नीट बसला.

त्या गावाला ह्या मुलानं कसं आपलंसं केलं तेही मी पाहिलंय. पहिल्यांदा गावानं मोजणारांच्या मागं कुत्री सोडली होती. म्हणत, तारेखाली गाय आटते. धरणातून वीज काढून घेतात म्हणजे पाण्यातली ताकद काढून घेतात, मग तसलं फुकट पाणी शेताला देतात. रिसालदार असते तर घोडा मध्ये घालून दोन शब्दांत निकाल लावला असता, आणि रात्रीतून दगड उपटले गेले असते. हा खाटेवर बसला. त्यांचं दूध प्याला. वाद घातला नाही. खात्याचा ट्रक आणला आणि दौलतसिंहाला, गावचा मोठा माणूस तो, आणि त्याच्याबरोबर ज्यांचा आवाज सगळ्यांत चढा होता त्यांना निवडून निवडून धरणावर नेलं. परत आल्यावर दौलतसिंह म्हणाला, "पानी तो पूरा का पूरा नीचे निकल जाता है, भैया. ताकत उसकी वहीं रहती है. बस, शोर कर के जाता है." पुढं मनोऱ्याचं सामान आलं तेव्हा गहू उभा होता, तर कापणी होईपर्यंत लोखंड शिवेवर पडून राहिलं, कचेरीनं किती खलिते पाठवले तरी ह्यानं एक ओंबी मोडू दिली नाही. शाळेत जाऊन पोरांना पतंग कुठं उडवायचा नाही ते शिकवलं. आणि शमीच्या अलीकडची तार ओढायच्या दिवशी मी स्वतः होते. गावातले पुरुष आणि खात्याचे खलाशी, मनोऱ्यांवर चढणारे मजूर, एका दोराला लागलेले, एकानं साद घालायची, बाकीच्यांनी ओढायचं, आणि ती जाड चकचकीत तार जमिनीवरून उठून हळूहळू आभाळात चढत गेली. बायका गूळपाणी घेऊन उभ्या. मला रडूच आलं. धूळ गेली म्हटलं डोळ्यात.

टांगा थांबला. शमीखाली माणसं जमलेली होती. जयसिंग लांब, खलाशांपाशी उभा होता. मुद्दाम लांब. दौलतसिंह पुढं आला, पागोटं सावरत.

"राम राम, बाईसाब."

"राम राम. तुझी म्हातारी आई आहे का अजून?"

"है जी. कहती है, हमें गाड़ के जाएगी."

म्हातारी दगडापाशी बसलेली होती, ती तिथूनच म्हणाली, "तुम बताओ, तुम अब तक कैसे बैठी हो?" आम्ही दोघी हसलो. तिचे दात गेलेत. माझे आहेत.

मी मनात काय ठरवून आले होते ते सांगते. हे लोक विहीर देणार नाहीत. कशाला देतील? मग सगळे मिळून माझ्याकडं बघतील, आणि मी सगळ्यांदेखत नाही म्हणेन. माझं झाड, माझ्या धन्याचं झाड. मग बसा म्हणावं. नकार जिभेवर तयार ठेवला होता, पानाच्या विड्यासारखा दुमडून. आणि दौलतसिंह म्हणाला, "बाईसाब, पंचायत हो गई. कुआँ दे दिया हमने."

मला ऐकू आलं, पण पोचलं नाही. "कौन सा कुआँ?"

"मीठा वाला. और है कौन सा? साहब अपना खंबा उधर गाड़ लें. छोंकर पे आँच नहीं आएगी."

"और पानी?"

"नदी है जी. औरतें चली जाएँगी."

बायका बांधाला उभ्या होत्या, ओळीनं, घुंगट ओढून. नदी तिथून किती लांब आहे ते मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात ती आणखी लांब जाते. मी म्हटलं, "ये किसने सिखाया तुमको?" तर म्हातारी म्हणाली, "सिखाना क्या है. सींव माता यहाँ बैठी है. छाँव उसकी है. तुमने ही तो बिठाई थी, बाईसाब." आणि असं म्हणताना तिनं माझ्याकडं ज्या डोळ्यांनी पाहिलं तसं माझ्याकडं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, सासूबाईंनी नाही, लेकानं नाही, जणू तो दगड मी दक्षिणेतून डोक्यावर घेऊन आले होते.

नकार जिभेवरच राहिला. मी पाणी मागितलं. एका पोरसवदा सुनेनं लोटा आणला, त्याच विहिरीचं पाणी. घोट घेतला आणि ते गार, जरासं गवताच्या चवीचं पाणी घशातून खाली गेलं तशी मला भलतीच गोष्ट आठवली. रिसालदार शमीकडून टांग्याकडं चालत यायचे ते आधी ह्याच विहिरीवर थांबायचे, हात धुवायचे. पान माझ्या हातावर यायचं ते नेहमी ओलं असायचं. इतकी वर्षं मला वाटत होतं ते दंव आहे. दुपारी कुठलं आलंय दंव! झाडाची आठवण मी एवढी जपली, आणि तिच्यात विहीर निम्मी होती हे आज, लोटा तोंडाला लावल्यावर कळलं. मी लोटा रिकामा केला. सकाळच्या मुंग्या अजून दंडात कुठं तरी होत्या. जयसिंग माझ्याकडं बघत नव्हता. एवढं न बघणं त्याला फार जड जात असणार. लहानपणी बक्षिसाच्या दिवशी तो असाच पाठ करून उभा राहायचा.

मी उठले आणि दगडापाशी गेले. कुंकवाचा थर एवढा की खालचा चुना दिसत नव्हता. मी म्हटलं, "दौलतसिंह, माता किसकी है?"

"सींव की, बाईसाब."

"सींव पे बैठनेवाली को छाँव लगती है क्या? छाँव में तो पहरेदार सो जाता है. शिवेवरच्या आईला उघडं आभाळ पाहिजे. इतके बरस ये छोंकर उसके सिर पे है, वो बोली नहीं, इसलिए तुमको समझा नहीं." हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण बोलता बोलता मला ते खरं वाटायला लागलं, आणि म्हातारीनं मान डोलावली तेव्हा ते खरं झालं. "कुआँ कुआँ रहेगा. कुणी हात लावायचा नाही."

"तो छोंकर?" दौलतसिंहाचा आवाज उतरला. "हम तो माता के छोंकर पे कुल्हाड़ी नहीं चलाएँगे, बाईसाब. हमसे न होगा."

"कुल्हाडी कोण म्हणतंय? आज दिन कौन सा है?"

मी वनमालेकडं हात केला. तिनं रुमाल सोडला. तलवार म्यानातून निघेना. काल घासली तरी मुठीशी धरून बसली होती. जयसिंग दोन पावलं पुढं आला. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो होता तिथं थांबला. मग निघाली, किरकिरत. मी टोक शमीच्या बुंध्याला टेकवलं. खरबरीत साल, तिच्यात मुंग्यांची एक ओळ वर चाललेली, आपल्याच कामात. रिसालदार इथं काय म्हणत असतील मनात, मला कधी कळलं नाही, टांगा लांब असायचा. मी एवढंच म्हटलं, हे आता सगळ्यांना देते आहे, रागावू नका. आणि मग वाट पाहिली. कशाची ते मला मागाहून कळलं. तोफेची. तोफ नव्हती. टांग्याच्या घोड्यानं शेपूट झाडली, तेवढाच आवाज.

मी ओरडले, "लुटा! देखते क्या हो? सोना है, लूटो!"

कुणी हललं नाही. गाव उभं, खलाशी उभे. माझा आवाज माझ्याच कानात परत आला आणि क्षणभर मला माझी लाज वाटली, हातात तलवार घेऊन उन्हात उभी राहिलेली म्हातारी बाई. तेवढ्यात कुणीतरी पदर कमरेला खोचला. वनमाला. बी.ए. झालेली माझी सून पायातल्या चपला उडवून पुढं झाली, उडी मारली, फांदी धरली आणि कडाड्कन मोडून घेतली. काट्यानं तिचं मनगट फाडलं. तिनं फांदी डोक्यावर धरली आणि गावाकडं बघून म्हणाली, "अरे, फिर हम ही सारा ले जाएँगे!"

मग जे झालं ते मी दरबारातही पाहिलं नव्हतं, कारण तिथं पडद्याआड होते. बांधावरच्या बाया आधी आल्या, घुंगट मागं टाकून. मग पोरं, मग पुरुष. खलाशी दोर टाकून वर चढले, त्यांना काय, ते आभाळात चढणारे. वरच्या फांद्या त्यांनी मोडून मोडून खाली सोडल्या आणि खाली हात वर झाले. हसणं, ओरडणं, "ए, वो मेरी है!" "तेरे बाप की है!" काटे लागले म्हणून शिव्या. कुणाच्या ओटीत, कुणाच्या पागोट्यात, कुणाच्या पत्र्याच्या डब्यात शमी. दौलतसिंह एवढा मोठा माणूस, आडवी फांदी खांद्यावर घेऊन निघाला, दारावर बांधीन म्हणाला. म्हातारीला उठवेना, तर तिनं बसल्या जागी दगडावर पडलेली पानं गोळा केली, आधी मातेला दिली, मग स्वतःला. बघता बघता झाडाच्या जागी आभाळ आलं. बुंधा तेवढा राहिला, माणसाच्या उंचीचा, तो तारेला आडवा येणार नव्हता. त्याला कुऱ्हाड लागली नाही. आणि त्याच्यावरून, इतके दिवस झाडीनं झाकलेले, ते दोन मनोरे मला एकदम दिसले, समोरासमोर, मधली वाट मोकळी. किती जवळ होते एकमेकांच्या.

जयसिंग तिथंच उभा होता, रिकाम्या हातांनी. सगळ्या लुटीत कुणाला इजा होऊ नये म्हणून तो खलाशांचे दोर धरून राहिला होता. त्याच्या वाट्याला एक पान आलं नव्हतं. माझ्या मुठीत एक डहाळी होती, केव्हा आली कुणास ठाऊक. मी त्याच्याकडं चालत गेले. टांग्यापाशी नाही थांबले, वाटेत विहिरीवर गेले, हात धुतले, डहाळीही धुतली, आणि मग गेले.

"घे."

"आईसाहेब, मोठ्यांनी नाही द्यायचं. मी द्यायचं तुम्हाला."

"तुझ्याकडं आहे काय द्यायला? घे म्हणते ना."

त्यानं दोन्ही हात पुढं केले, ओंजळ करून. मी ती ओली डहाळी त्याच्या हातावर ठेवली, आणि ठेवताना आमचे दोघांचे तळवे तिच्यावर दाबले गेले. काटे दोन्हीकडून रुतले. तळव्यातून निघालेली कळ कोपरातून वर, खांद्यापर्यंत सरसरत गेली, सकाळी गेली होती तशीच. ह्या वेळी मी हात मागं घेतला नाही.